औक्षणानंतर : ‘स्टिल वॉकिंग’मधली आई

आईची साठी आम्ही साताऱ्यात एका छोट्या हॉलमध्ये केली. दादा बंगळूरहून आला, ताई नाशिकहून, मी पुण्याहून. साठ दिव्यांचं औक्षण, मसालेभात, जिलबी, मठ्ठा आणि हल्ली प्रत्येक कार्यक्रमात असतो तसा प्रोजेक्टरवर स्लाइडशो. स्लाइडशो माझ्याकडे होता. घरात एक सॉफ्टवेअरवाला असला की प्रोजेक्टरपासून आत्याच्या ओटीपीपर्यंत सगळं त्याच्याच गळ्यात पडतं.

जुने अल्बम स्कॅन केले, सगळं गूगल फोटोजमध्ये टाकलं. त्याने चेहरे ओळखून आईच्या नावाखाली चारशेच्या वर फोटो काढून दिले. त्यात ती एकटी आहे असे मी मोजले. अकरा. बाकी सगळीकडे ती कडेला, कुणाच्या तरी मागे, हातात वाढायचं भांडं घेऊन. यातले साठ फोटो निवडले, मागे बासरी लावली आणि शेवटी माइक हातात घेऊन म्हणालो, “आईने आमच्यासाठी नोकरी सोडली. तिच्या त्या त्यागामुळे आज आम्ही तिघं आपापल्या पायावर उभे आहोत.” टाळ्या पडल्या. मावशीने डोळे पुसले. आई खुर्चीत बसून मांडीवरची शाल नीट करत होती.

दादा-ताई दुसऱ्या दिवशी गेले. मी आठवडाभर घरूनच काम करणार होतो. त्या रात्री जेवणं झाल्यावर आई म्हणाली, काहीतरी लाव, पण मारामारी नको. मी लॅपटॉपवर हिरोकाझू कोरे-एदाचा ‘स्टिल वॉकिंग’ लावला. 2008 सालचा जपानी चित्रपट. हॉस्टेलमध्ये असताना पाहिला होता, आणि ‘बाप-मुलाची गोष्ट’ या नावाने डोक्यात बसला होता. इंग्रजी सबटायटल्स आईला तेवढ्या वेगाने वाचता येत नाहीत, म्हणून मी दर दोन वाक्यांनी स्पेसबार दाबून मराठीत सांगत होतो. दोन तासांहूनही लहान असलेला चित्रपट बघायला आम्हाला दोन रात्री लागल्या. या लेखात जे आहे ते त्या दोन रात्रींतून आलेलं आहे. पुढे चित्रपटाचा शेवटही सांगितला आहे, तेव्हा पाहायचा असेल तर आधी पाहून या.

*

गोष्ट सांगायला बसलं तर चार ओळींत संपते. समुद्राजवळच्या एका गावात चढावर घर आहे. तिथे निवृत्त डॉक्टर क्योहेई आणि त्याची बायको तोशिको राहतात. दहा-बारा वर्षांपूर्वी त्यांचा थोरला मुलगा जुनपेई एका बुडणाऱ्या पोराला वाचवताना गेला. दर वर्षी त्या दिवशी मुलं घरी जमतात. मुलगी चिनामी नवऱ्याला आणि दोन मुलांना घेऊन येते, धाकटा मुलगा रयोता बायको युकारी आणि तिच्या आधीच्या लग्नाचा मुलगा अत्सुशी यांना घेऊन येतो. जेवतात, कबरीवर पाणी घालून येतात, रात्री झोपतात, सकाळी जातात. आपल्याकडच्या वर्षश्राद्धासारखंच. दिवस स्मृतीचा असला तरी घरात वातावरण सणाचं असतं, पोरं अंगणात खेळत असतात आणि स्वयंपाकघरात सकाळपासून काहीतरी तळलं जात असतं.

चित्रपट सुरू होतो तोच हातांवर. मायलेकी मुळा, गाजर सोलताहेत, आणि सोलता सोलता भाजीबद्दल बोलताहेत. हॉस्टेलमध्ये मी हा भाग पुढे ढकलला असणार, कारण मला तो अजिबात आठवत नव्हता. आई मात्र इथेच सावरून बसली. पुढे मक्याचे दाणे पिठात कालवून तळायचा प्रसंग येतो. दाणे तेलात फुटतात, उडतात, घरातली सगळी माणसं त्या आवाजाने स्वयंपाकघराकडे वळतात. आई म्हणाली, “आत पाणी असतं, उडणारच. झाकण घ्यायला पाहिजे हातात.” जपानी बाई काय बोलतेय हे तिला माझ्याकडून कळत होतं. ती काय करतेय हे मात्र तिला माझ्याआधी कळत होतं.

मक्याच्या या भज्यांशी एक घरगुती किस्सा जोडलेला आहे. मुलं लहान असताना शेजारच्या शेतातून मका चोरून आणला, तो तळत असतानाच शेजारी मका भेट द्यायला आला, तेव्हा पोराने प्रसंगावधान राखून असं काही वाक्य टाकलं की सगळी वेळ निभावली. घरात सगळे म्हणतात, ते वाक्य जुनपेईचं. रयोता म्हणतो, माझं होतं. कुणी मानत नाही. हुशार वाक्य हुशार मुलाच्या, म्हणजे गेलेल्या मुलाच्या नावावर जमा झालेलं आहे. कोरे-एदा यावर थांबत नाही, भज्या ताटात पडतात आणि जेवण चालू राहतं. पण हा एवढासा किस्सा चित्रपटाची किल्ली आहे असं मला आता वाटतं. कुटुंब एकत्र जमतं तेव्हा आठवणींची एक ठरलेली आवृत्ती पुन्हा वाचली जाते. कुणाच्या नावावर काय लिहायचं हे आधीच पक्कं झालेलं असतं. खरं काय घडलं हे माहीत असलेला माणूस तिथेच बसलेला असतो आणि त्याला सांगायला जागा नसते.

रयोताच्या बाबतीत हे मला पहिल्यांदा पाहतानाच कळलं होतं. तोशिकोच्या बाबतीत कळलं नव्हतं.

*

तोशिकोचं काम किरिन किकीने केलं आहे. 2018 मध्ये कोरे-एदाच्या ‘शॉपलिफ्टर्स’ला कान महोत्सवात पाम दोर मिळाला, त्यातली आजी हीच. तिच्या अभिनयाबद्दल लिहायचं तर तिच्या हातांबद्दल लिहावं लागतं. जवळजवळ संपूर्ण चित्रपटभर तिचे हात कामात आहेत, आणि ती जे सगळ्यात धारदार बोलते ते हात कामात असतानाच बोलते. चेहऱ्यावर गृहिणीचं साधं हसू, आवाज तोच, आणि वाक्य असं की समोरच्याच्या हातातला घास थांबावा.

सुनेला ती प्रेमाने आपले किमोनो दाखवते, देऊ करते. त्याच बैठकीत सुचवते की आता मूल होऊ देण्याआधी नीट विचार कर, मूल झालं की वेगळं होणं अवघड जातं. युकारीचा चेहरा बघा त्या वेळी. आपण सून म्हणून स्वीकारले गेलो असं वाटायच्या क्षणीच दाराची कडी आतून लागते.

पण चित्रपटातला सर्वांत अवघड प्रसंग योशिओचा. जुनपेईने ज्याला वाचवलं तो पोरगा आता तरुण झाला आहे. जाडजूड, घामाघूम, नोकरीत फारसं काही जमलेलं नाही. दर वर्षी त्याला या दिवशी बोलावलं जातं. तो उदबत्ती लावतो, जेमतेम बसतो, अवघडतो, पुढच्या वर्षीही यायचं कबूल करून जातो. तो गेल्यावर म्हातारा डॉक्टर चिडतो की असल्या निरुपयोगी पोरासाठी माझा मुलगा का मेला. त्याचा राग आपल्याला समजतो. आपल्या ओळखीचा आहे तो.

रात्री रयोता आईला म्हणतो, आता पुरे, त्याला नको बोलावू, बिचाऱ्याला बघवत नाही. तोशिको विणकाम करत बसली आहे. ती सुई न थांबवता सांगते की म्हणूनच तर बोलावते. दहा-बारा वर्षांत त्याने विसरून चालणार नाही. द्वेष करायला कुणी नसलं की दुःख आणखी जड होतं. वर्षातून एक दिवस त्या पोराला त्रास झाला तर देव काही मला शिक्षा करणार नाही.

हे मी मराठीत सांगितलं आणि जरा घाबरत आईकडे पाहिलं. मला वाटलं ती म्हणेल, कसली बाई आहे. आई काही क्षण गप्प होती. मग म्हणाली, “तिने कुणाला सांगितलं नसेल इतकी वर्षं.”

मला या वाक्याने प्रसंग उलगडून दिला. मी क्रूरपणा पाहत होतो, आई एकटेपणा पाहत होती. तोशिकोला तिच्या घराने दुःखी आईची भूमिका दिलेली आहे. ती भूमिका ती चोख करते: हसते, वाढते, कबरीवर पाणी घालते. त्या भूमिकेत राग बसत नाही, म्हणून तिने रागासाठी वर्षातला एक दिवस राखून ठेवला आहे, आणि तोही पाहुणचाराच्या रूपात. कोरे-एदा तिला माफही करत नाही आणि दोषीही ठरवत नाही. कॅमेरा खालच्या पातळीवर, स्थिर. भावना ढकलणारं संगीत नाही, गोंतीती या गिटारवादक जोडीचे हलके सूर अधूनमधून येतात तेवढेच. अशा बोलण्यानंतर मुलाने आईला मिठी मारावी अशी आपली सवयीची अपेक्षा असते. इथे रयोता फक्त बसून राहतो. काय बोलावं हे त्याला सुचत नाही.

त्यानंतर घरात एक पिवळं फुलपाखरू शिरतं. हिवाळ्यात न मेलेलं फुलपाखरू पुढच्या वर्षी पिवळं होऊन परत येतं, असं तोशिकोने दुपारी कबरीहून परतताना सांगितलेलं असतं. आता ती त्या फुलपाखराच्या मागे घरभर फिरते, जुनपेई आलाय म्हणते. एका बाईच्या तोंडी दहा मिनिटांपूर्वी इतका थंड सूड आणि आता हे. दोन्ही खरं आहे. एकामुळे दुसरं खोटं पडत नाही.

*

आपल्याकडे आईबद्दल लिहायची एक मोठी परंपरा आहे आणि तिच्या मध्यावर ‘श्यामची आई’ आहे. साने गुरुजींनी ते 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, 1935 मध्ये ते पुस्तक म्हणून आलं. 1953 मध्ये अत्र्यांचा चित्रपट, 2023 मध्ये सुजय डहाकेचा. या पुस्तकावर ‘रडकं’ म्हणून हसायची एक फॅशन आमच्या पिढीत आहे. ती मला पटत नाही. त्यातली आई नुसती मायाळू नाही. पोहायला घाबरून लपलेल्या श्यामला ती छडीने झोडून विहिरीवर पाठवते. करारी बाई आहे ती.

पण रचनेकडे पाहा. सांगणारा मोठा झालेला मुलगा आहे, ऐकणारी आश्रमातली मुलं आहेत आणि आई आता नाही. तिच्या आयुष्यातली प्रत्येक घटना श्यामला काहीतरी शिकवून जाते. म्हणजे तिच्या आयुष्याचा अर्थ श्याममध्ये पूर्ण होतो. श्यामला उपयोगी न पडलेलं असं तिच्यात काही होतं का, हे त्या रचनेत विचारताच येत नाही. गुरुजींचा हा दोष म्हणायचा नाही मला. आठवणी सांगणाऱ्या कोणत्याही लेकराची हीच मर्यादा आहे. माझ्या स्लाइडशोचीही हीच रचना होती, फक्त बासरी जास्त होती.

‘स्टिल वॉकिंग’सुद्धा एका मुलानेच केलेला चित्रपट आहे. कोरे-एदाने तो स्वतःच्या आईच्या मृत्यूनंतर लिहिला. शेवटी निवेदनाचा आवाजही रयोताचा आहे. तरी तो तोशिकोच्या बाबतीत एक गोष्ट करतो, जी मला फार महत्त्वाची वाटते. तो तिला असं काहीतरी देतो जे तिच्या मुलांना कधीच कळत नाही.

संध्याकाळच्या जेवणाच्या वेळी गाण्यांचा विषय निघतो. तोशिको म्हणते, आमचंही एक गाणं आहे. आतून एक जुनी रेकॉर्ड काढली जाते: ‘ब्लू लाइट योकोहामा’, आयुमी इशिदाचं 1968 सालचं गाजलेलं गाणं. चित्रपटाचं मूळ जपानी नावही याच गाण्यातल्या शब्दांवरून घेतलेलं आहे, ‘चालून चालूनही’ अशा अर्थाचं. सगळ्यांना गंमत वाटते. आईला असलं काही ऐकायची आवड होती? तोशिको गुणगुणते. म्हातारा मान खाली घालून जेवत राहतो.

नंतर तो आंघोळीला जातो तेव्हा ती न्हाणीघराच्या दाराबाहेरून, कपडे ठेवता ठेवता सांगते की रेकॉर्ड कधी घेतली. रयोता तान्हा होता, त्याला पाठीशी बांधून ती नवऱ्याला शोधत दुसऱ्या बाईच्या घरापर्यंत गेली होती. आतून त्याच्या गाण्याचा आवाज आला. हेच गाणं. तिने दार वाजवलं नाही, परत फिरली आणि पुढे ती रेकॉर्ड विकत घेतली. एवढं सांगून ती निघून जाते. टबात बसलेल्या म्हाताऱ्याचा चेहरा आपल्याला दिसतो. आणि हे मुलांपैकी कुणीच ऐकलेलं नाही.

पाठीशी बांधलेला रयोता त्या दारापर्यंत जाऊन आला आहे. त्याला ते ठाऊक नाही, कधी ठाऊक होणारही नाही. तो आईला ‘ओळखतो’ असं समजून मी सबंध चित्रपट एकदा पाहून टाकला होता.

*

रेकॉर्डचा प्रसंग संपला तेव्हा रात्रीचे साडेअकरा झाले होते. बाबा आत झोपले होते. आई म्हणाली, जरा थांबव. मला वाटलं पाणी हवं असेल.

“तो पतसंस्थेतला फोटो का नाही घेतलास?” तिने विचारलं.

एक फोटो होता खरा. ती ज्या पतसंस्थेत आठ वर्षं कारकून होती, तिथल्या वर्धापनदिनाचा. दुसऱ्या रांगेत डावीकडून तिसरी. फोटो धूसर होता, गूगलने तो चेहरा आईचा म्हणून ओळखलाच नव्हता, म्हणून मीही सोडून दिला. हे मी तिला सांगितलं.

“मी नोकरी सोडली असं म्हणालास तू,” ती म्हणाली. आवाज अगदी नेहमीचा. “मी नव्हती सोडली. तू तीन महिन्यांचा झालास की परत जाणार होते. तुझ्या आजीचे गुडघे धरले होते, ती म्हणाली, तिसरं नाही सांभाळणार. राजीनामा ह्यांनी लिहून आणला. मी सही केली.”

मी विचारलं, मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीस. तर म्हणाली, “कुणी विचारलं?”

त्या रात्री मला ‘त्याग’ या शब्दाचं व्याकरण कळलं. त्यागाला कर्ता लागतो. कुणीतरी स्वतःहून दिलं पाहिजे. जे काढून घेतलं गेलं त्याला आपण कार्यक्रमात ‘त्याग’ म्हटलं की दोन गोष्टी एकदम होतात: घेणारे सुटतात आणि देणारी देवी होते. टाळ्या पडल्या की पावती फाडून झाली. आम्हा तिघांना कृतज्ञ व्हायचं होतं आणि ती कृतज्ञता खरीच होती. पण तिने काय गमावलं हे आम्ही तिला न विचारताच आभार मानून टाकले.

मी लगेच आईला तोशिको करून टाकायला निघालो, हेही सांगितलं पाहिजे. अन्याय झालेली, मनात काहीतरी धरून बसलेली बाई. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी मी माफी मागायला लागलो तर ती वैतागली. “मी काय कुणाला दर वर्षी बोलावून छळतेय का? आणि साठ दिवे छान दिसत होते. जिलबी जरा पाकात कमी पडली.” तिला कार्यक्रम आवडला होता. तिला माझं वाक्य आवडलं नव्हतं. दोन्ही खरं आहे, एकामुळे दुसरं खोटं पडत नाही. हे वाक्य मी वर चित्रपटाबद्दल लिहिलं तेव्हा मला ते समीक्षेचं वाटलं होतं.

*

चित्रपटाचा शेवट बसस्टॉपवर आहे. मुलगा-सून-नातू बसने निघून जातात. बसमध्ये रयोता म्हणतो, आता नवीन वर्षाला यायची गरज नाही, एवढी भेट पुरे. इकडे म्हातारा-म्हातारी चढ चढत घरी परतताहेत आणि आता नवीन वर्षाला भेट होईल असं म्हणताहेत. आदल्या दिवशी मायलेक एका सुमो पैलवानाचं नाव आठवायचा प्रयत्न करत होते. ते रयोताला आत्ता आठवतं, बस सुटल्यावर. नेहमी जरासा उशीर होतो, असं काहीसं तो म्हणतो. मग निवेदनात कळतं की वडील काही वर्षांत गेले, मागोमाग आईही. मुलाच्या गाडीत बसून फिरावं एवढी तिची इच्छा होती, ती राहून गेली. शेवटच्या प्रसंगात रयोता आपल्या मुलीला पिवळ्या फुलपाखराची गोष्ट सांगतो, आईने सांगितली होती तशीच. रेकॉर्डची गोष्ट तो सांगू शकत नाही. ती त्याच्यापर्यंत पोहोचलेलीच नाही.

इथे आई रडली नाही. मी रडलो. तिने लॅपटॉपचं झाकण लावलं आणि म्हणाली, उद्या तुला लवकर कॉल आहे ना, झोप.

हा चित्रपट बघाच, आणि शक्य असेल तर आईबरोबर बघा, असं सांगून लेख संपवायचा मोह होतोय. पण तुमच्या आईला कदाचित तो संथ वाटेल आणि ती मध्येच उठून भांडी लावायला जाईल. तेही चालेल. सबटायटल्स वाचून दाखवायला थांबावं लागतं, त्या थांबण्यात काहीतरी बोलणं होऊ शकतं, एवढंच मी अनुभवावरून सांगू शकतो.

रविवारी मी पुण्याला निघालो. स्टँडवर आई सोडायला आली होती, पिशवीत भाकरी-चटणी. पतसंस्थेचा तो फोटो मी तिला व्हॉट्सॲपवर पाठवला होता. तिने तो मोठा करून बघितला होता आणि दुसऱ्या रांगेतल्या सगळ्या बायकांची नावं मला सांगितली होती. स्वारगेटची गाडी लागली तेव्हा तिने विचारलं, “दिवाळीला चार दिवस येशील ना?”

मी म्हणालो, “बघू, तेव्हा रिलीज आहे.”

चित्रपट बघून तीन दिवसही झाले नव्हते. गाडी पुलाखालून हायवेला लागेपर्यंत मला ते लक्षातही आलं नव्हतं. मग फोन काढून मेसेज केला, येतो, चार दिवस नक्की. दोन निळ्या टिका आल्या. उत्तर आलं नाही. ती रिक्षात असेल.